पीप वाढवल्यावर सॅच्युरेशन सुधारलं, म्हणजे फुप्फुस उघडलंच का?

विभाग: अतिदक्षता आणि श्वसन, ठाणे-नवी मुंबई

येऊर_पायथा, ११ जुलै, रात्री ११.४०

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये लेप्टो, डेंग्यू, एच१एन१ आणि साधा न्यूमोनिया असे सगळेच रुग्ण एकदम वाढतात. त्यातले काही एआरडीएसमध्ये जातात, म्हणजे फुप्फुसं सुजून ऑक्सिजन नीट घेईनाशी होतात. प्रश्न पीपबद्दल आहे, म्हणजे श्वास बाहेर सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो त्या दाबाबद्दल. उदाहरणादाखल आकडे देतो, ते कुणा एका रुग्णाचे नाहीत.

पुरुष, उंची १६५ सेंमी. व्हॉल्यूम कंट्रोल (श्वासाची हवा यंत्र ठरवतं), टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ३७० मिली, रेट (मिनिटाला श्वास) २४, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ०.७, पीप १०. प्लॅटो (श्वास भरून क्षणभर थांबल्यावरचा दाब) २७, सॅच्युरेशन ८९; दाब सगळे सेंमी पाण्यात. पीप १६ केल्यावर वीस मिनिटांनी सॅच्युरेशन ९३, प्लॅटो ३६, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ४८ वरून ५७. नॉरअॅड्रेनलिन (रक्तदाब टिकवणारं औषध) वाढवावं लागलं.

सॅच्युरेशन सुधारलं म्हणून पीप १६ वरच ठेवायचा का? आणि आत वायुकोशांचं नेमकं काय झालं असेल?

पारसिक, १२ जुलै, सकाळी ६.५५

आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यांतच आहे. प्लॅटोमधून पीप वजा करा, ते ड्रायव्हिंग प्रेशर. आधी २७ − १० = १७ होते, नंतर ३६ − १६ = २०. म्हणजे तेच ३७० मिली आत ढकलायला आता तीन सेंमी पाणी जास्त लागतंय. कॉम्प्लायन्स, म्हणजे एक सेंमी दाबाने किती हवा आत जाते ते, ३७० ÷ १७, साधारण २२ मिली प्रति सेंमी होता, तो १८.५ वर आला. नवे वायुकोश खरोखर उघडले असते तर तीच हवा जास्त जागेत वाटली गेली असती आणि ड्रायव्हिंग प्रेशर खाली आलं असतं, निदान तेवढंच राहिलं असतं. इथे ते वाढलं. त्याचा अर्थ पीपने बंद भागापेक्षा आधीच उघड्या असलेल्या भागाला जास्त ताणलं.

मग सॅच्युरेशन का वाढलं? थोडं फुप्फुस उघडलंही असेल, एकाच वेळी दोन्ही घडू शकतं. पण रक्तदाब पडला आणि नॉरअॅड वाढवावं लागलं, इकडे दुर्लक्ष नको. छातीतला दाब वाढला की उजव्या हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं आणि कार्डियाक आउटपुट घसरतं. आउटपुट घसरलं की बंद भागातून वाहणारं रक्त, म्हणजे शंटही कमी होतो आणि धमनीतलं सॅच्युरेशन वर जातं. मॉनिटरवर सुधारणा दिसते आणि पेशींना पोचणारा एकूण ऑक्सिजन मात्र घटलेला असू शकतो. पीसीओटू ४८ वरून ५७ होणं हे तिसरं लक्षण. ताणलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या चेपल्या जातात, तिथे हवा जाते पण रक्त जात नाही. डेड स्पेस वाढते.

शिवाय ८९ हे सॅच्युरेशन बदलण्याची घाईच नव्हती. एआरडीएसनेट या संशोधक गटाचं लक्ष्य ८८ ते ९५ आहे, पीएओटू (धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब) ५५ ते ८०. म्हणजे इथे जे आधीच लक्ष्यात होतं ते सुधारण्यासाठी फुप्फुसाकडून किंमत वसूल झाली.

माझा सल्ला: पीप १० किंवा १२ वर परत. टायडल व्हॉल्यूम ५ मिली प्रति किलो, म्हणजे ३१० करा. कॉम्प्लायन्स तोच राहिला तर ड्रायव्हिंग प्रेशर १४ च्या आसपास येतं. रेट ३० पर्यंत न्या, ३५ ही वरची हद्द, आणि पीएच ७.३० च्या खाली जाईपर्यंत पीसीओटूची धास्ती घेऊ नका. सॅच्युरेशन ८९ ला पीएओटू ५७ धरलं तर ५७ ÷ ०.७ = ८१, हे फार कमी आहे. हा रुग्ण प्रोन, म्हणजे पालथा, करायचा आहे. पीपच्या बटणाशी खेळण्यात आणखी तास घालवू नका.

वाघबीळ, १२ जुलै, सकाळी ८.२०

पारसिक सरांशी सहमत. आत काय होतं तेवढं सविस्तर लिहितो.

स्क्रीनवरचा दाब हा वायुमार्गातला असतो. एकेका वायुकोशाच्या भिंतीला किती ताण पडतो हे तो सांगत नाही. त्यात एआरडीएसचं फुप्फुस एकजिनसी नसतं. उताण्या रुग्णाच्या सीटीत वरचा, छातीकडचा भाग बऱ्यापैकी हवेशीर दिसतो. मधला पट्टा अर्धवट असतो, श्वास आत आला की उघडतो आणि बाहेर गेला की मिटतो. पाठीकडचा भाग घट्ट, त्यात हवाच नसते. सुजलेलं फुप्फुस ओल्या स्पंजासारखं स्वतःच्याच वजनाने खालचे थर दाबतं, आणि पाठीकडच्या थरावर हा भार साधारण १० सेंमी पाण्याच्या घरात असतो. त्यामुळे पीप ५ असताना खालचे वायुकोश उघडे राहण्याची अपेक्षाच चुकीची.

गॅट्टिनोनी आणि सहकाऱ्यांनी सीटीवरूनच 'बेबी लंग' ही कल्पना मांडली. गंभीर एआरडीएसमध्ये हवेशीर उरलेलं फुप्फुस पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढं असू शकतं. ते ताठर झालेलं नसतं, आकाराने लहान झालेलं असतं. कॉम्प्लायन्स २० हा आकडा मुख्यतः उघड्या फुप्फुसाचा आकार सांगतो. म्हणून टायडल व्हॉल्यूमला कॉम्प्लायन्सने भागून आलेलं ड्रायव्हिंग प्रेशर महत्त्वाचं: उरलेल्या फुप्फुसाच्या मानाने आपण किती मोठा श्वास देतोय, हे त्यात दिसतं. अमाटो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ३५६२ रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं याच आकड्याचं निघालं. १५ च्या खाली ठेवायचा हा संकेत त्यानंतर रुळला.

आता मधला पट्टा. इथे उघडा वायुकोश बंद वायुकोशाला लागून असतो. दोघांची भिंत एकच. उघडा फुगताना ती सामायिक भिंत ओढतो. मीड, ताकिशिमा आणि लीथ यांनी १९७० मध्ये याचं गणित केलं: फुप्फुसावरचा दाब ३० सेंमी असेल तर अशा सीमेवर ताण १४० सेंमीपर्यंत जाऊ शकतो. ते कागदावरचं गणित होतं, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. पण प्लॅटो ३० च्या आत असूनही काही फुप्फुसं का बिघडत जातात, हे त्यातून कळतं. फाटलेल्या पेशींमधून प्रथिनं वायुकोशात झिरपतात, ती सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा आतला थर) निकामी करतात, आणि सर्फॅक्टंट गेलं की वायुकोश आणखी सहज मिटतात. पुढचा श्वास आधीच्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

एक मतभेद नोंदवतो. खालचे वायुकोश 'मिटलेले' असतात की द्रवाने, फेसाने भरलेले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दोन्ही प्रकार एकाच फुप्फुसात असतात असं मी मानतो. मिटलेला वायुकोश दाबाने उघडतो. पू किंवा रक्ताने भरलेला कितीही दाब दिला तरी उघडत नाही, शेजारचा मात्र फुगतो. लेप्टोमधला फुप्फुसातला रक्तस्राव किंवा एका खंडातला घट्ट न्यूमोनिया पीपला दाद देत नाही, तो यामुळे.

खाडीपूल, १२ जुलै, सकाळी ९.०५

आयसीयू सिस्टर म्हणून एकच विनंती: टायडल व्हॉल्यूम लिहिताना रुग्णाची उंची टेपने मोजा. केसपेपरवरचं वजन वापरू नका आणि नातेवाइकांना विचारून उंची लिहू नका. रुग्ण सपाट झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजायला दोन मिनिटं लागतात.

उंचीवरून काढायचं वजन: पुरुषासाठी ५० + ०.९१ × (उंची − १५२.४). बाईसाठी ४५.५ + ०.९१ × (उंची − १५२.४). १६५ सेंमीचा पुरुष ६१.५ किलो, सहाने गुणलं की ३७० मिली. १५० सेंमीची बाई ४३.३ किलो, म्हणजे २६० मिली. आपल्याकडे अशा बायका खूप आहेत आणि व्हेंटिलेटरवर सवयीने ४०० लावलं जातं. ते तिच्यासाठी ९ मिली प्रति किलोच्या वर गेलं. २००० सालच्या एआरडीएसनेट चाचणीत ८६१ रुग्ण होते, ६ मिलीच्या गटात मृत्यू ३१ टक्के आणि १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के. इतका फरक एका टेपच्या मापावर अवलंबून आहे.

येऊर_पायथा, १२ जुलै, दुपारी १.३०

सर्वांचे आभार. ताई, उंचीचा मुद्दा आजच्या राउंडलाच मांडतो. पुढचा प्रश्न: पीप वाढवण्याआधीच फुप्फुस उघडण्याजोगं आहे का हे बेडजवळ कळेल का? सीटीला नेणं शक्य नसतं.

वाघबीळ, १२ जुलै, दुपारी ३.१०

कळतं, एका श्वासात. याला रिक्रूटमेंट (मिटलेलं फुप्फुस उघडणं) टू इन्फ्लेशन (उघडं फुप्फुस फुगणं) गुणोत्तर म्हणतात. रुग्ण स्वतः श्वास घेत नसावा, व्हॉल्यूम कंट्रोल हवा, श्वासाच्या ट्यूबचा कफ (फुगा) गळत नसावा, छातीत घातलेल्या इंटरकॉस्टल नळीतून हवा येत नसावी.

पीप १५ वर थोडा वेळ स्थिर ठेवा. रेट ८ ते १० वर आणा म्हणजे श्वास पूर्ण बाहेर पडेल. मग पीप एकदम १५ वरून ५ करा आणि त्याच श्वासात बाहेर पडलेली हवा वाचा. समजा ७२० मिली. आत गेले होते ३७०, म्हणजे ३५० जास्तीचे बाहेर आले. लगेच पीप ५ वरचा प्लॅटो मोजा. समजा २३. ड्रायव्हिंग प्रेशर १८, कॉम्प्लायन्स २०.६. पीप १० सेंमीने उतरल्यामुळे, काहीही नवं उघडलेलं नसतं तरी २०६ मिली बाहेर आलेच असते. ३५० − २०६ = १४४ मिली हे पीपने उघडून धरलेले. दर सेंमीला १४.४. भागिले २०.६ = ०.७. अर्ध्याच्या वर आहे, म्हणजे जास्त पीप इथे कामाचा. तेच बाहेर आलेली हवा ६२० असती तर उघडलेले फक्त ४४ मिली आणि गुणोत्तर ०.२. अशा फुप्फुसाला पीप १५ देणं म्हणजे वरचा भाग फुगवणं.

काही रुग्णांत वायुमार्गच एका दाबाखाली पूर्ण बंद असतो. पीप ५ वरून ५-६ लिटर प्रति मिनिट इतक्या संथ प्रवाहाने हवा द्या आणि दाबाची रेघ पाहा. सुरुवातीला ती खडी चढून एका ठिकाणी वाकत असेल तर तो वायुमार्ग उघडण्याचा दाब. समजा ११. मग गणितात ५ ऐवजी ११ धरायचे आणि पीप त्याच्या खाली ठेवायचा नाही.

पारसिक, १२ जुलै, संध्याकाळी ७.४५

या मोजमापाला माझा पाठिंबा आहे, पण ते न जमणाऱ्या ठिकाणी एआरडीएसनेटचा कमी पीपचा तक्ता वापरायला लाजू नये. एफआयओटू ०.५ ला पीप ८ ते १०, ०.६ ला १०, ०.७ ला १० ते १४, ०.८ ला १४. त्यातून एक पायरी चढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, ड्रायव्हिंग प्रेशर, रक्तदाब आणि पीसीओटू तिन्ही पाहा.

'४० सेंमी, ४० सेकंद' वाल्या रिक्रूटमेंटबद्दल मात्र ठाम सांगतो: सरसकट करू नका. ब्राझीलच्या नेतृत्वाखालच्या २०१७ सालच्या आर्ट चाचणीत १०१० रुग्ण होते. पायरीपायरीने दाब चढवून फुप्फुस उघडायचं आणि मग पीप ठरवायचा, या गटात २८ दिवसांतले मृत्यू ५५.३ टक्के आणि साध्या गटात ४९.३ टक्के. जास्त दाब देऊन सगळं उघडू या, हा विचार कितीही आकर्षक वाटला तरी त्याची किंमत हृदय आणि वरचं निरोगी फुप्फुस मोजतं.

प्लॅटो मोजण्याबद्दल: इन्स्पिरेटरी होल्ड अर्धा सेकंद, प्रवाहाची रेघ शून्यावर टेकलीच पाहिजे. त्या वेळी रुग्णाने जोर लावला तर आकडा फेकून द्या, पुन्हा मोजा. एक्स्पिरेटरी होल्डही (श्वास सोडल्यावर थांबवून दाब पाहणं) करा. रेट ३० च्या पुढे गेला की हवा आत अडकते, लावलेला पीप १० असतो आणि खरा १३. ड्रायव्हिंग प्रेशर काढताना वजा १३ करायचे.

कौसा_नाका, १२ जुलै, रात्री ९.१५

प्लॅटो ३० च्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही का? लठ्ठ रुग्णात किंवा पोट फुगलेल्या रुग्णात काय करायचं?

वाघबीळ, १२ जुलै, रात्री १०.००

फुप्फुसाला ताणणारा दाब = वायुमार्गातला दाब − फुप्फुसाबाहेरचा, म्हणजे प्ल्यूरल दाब. अन्ननलिकेतल्या बलूनने तो अंदाजता येतो. प्लॅटो ३४ आणि अन्ननलिकेतला दाब १६ असेल तर फुप्फुसावर १८. सडपातळ रुग्णात प्लॅटो तोच ३४ आणि अन्ननलिकेत ६ असेल तर २८. पहिला चालेल, दुसरा धोक्याचा.

बलून नसेल तर मूत्राशयातला दाब घ्या. तो मिमी पाऱ्यात येतो, १.३६ ने गुणा: १५ मिमी म्हणजे २० सेंमी पाणी. पण ही सूट घेण्याआधी पोट हलकं करा. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) मोकळी सोडा, डोकं ३० अंश वर. डेंग्यूत छातीत पाणी साठल्यामुळेही प्लॅटो चढतो, सोनोग्राफीचा प्रोब आधी फिरवा. प्लेटलेट्स कमी असताना ते पाणी काढायचं की नाही हा वेगळा निर्णय. त्या टप्प्यावर सलाइन चालूच राहिलं तर मात्र फुप्फुस हमखास आणखी भिजतं.

महापे_बायोमेड, १३ जुलै, सकाळी १०.४०

यंत्राच्या बाजूने. वर ड्रायव्हिंग प्रेशरमधल्या दोन-तीन सेंमीवर निर्णय होत आहेत. तेवढी चूक सर्किटमधूनच येते.

नळ्या दाबाने फुगतात, दर सेंमीला साधारण २ मिली. दाबाचा फरक २० असेल तर ४० मिली रुग्णापर्यंत पोचतच नाहीत. यंत्र ती भरपाई करतं, पण सर्किट बसवल्यावर सेल्फ टेस्ट केली असेल तरच. एचएमई (श्वासातली ओल आणि ऊब राखणारा फिल्टर) काढून हीटेड ह्युमिडिफायर लावला की सर्किट बदललं, टेस्ट पुन्हा करायची. रुग्णाला सर्किट लावल्यावर ही टेस्ट करता येत नाही, त्यामुळे बदल करायचा तो दुसरं यंत्र तयार ठेवून.

एचएमई फिल्टरची स्वतःची डेड स्पेस ३० ते ९० मिली असते, वर कॅथेटर माउंटची वेगळी. २६० मिलीच्या श्वासात ६० मिली तिथेच गेले तर पीसीओटू चढणारच. अशा रुग्णात टायडल व्हॉल्यूम वाढवण्याआधी एचएमई काढा.

एक्स्पिरेटरी नळीत पाणी साठलं की प्रवाहाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होते आणि यंत्र त्या थरथरीला रुग्णाचा श्वास समजतं. रेट ३० लावलेला असताना ४२ दिसतो. वॉटर ट्रॅप सगळ्यांत खाली लोंबता ठेवा. नेब्युलायझेशननंतर एक्स्पिरेटरी फिल्टर भिजून जड होतो, श्वास बाहेर पडायला अडथळा येतो आणि पीप लावलेल्यापेक्षा वर राहतो. कारण सापडत नसेल तर फिल्टर बदलून पाहा.

खाडीपूल, १३ जुलै, दुपारी १२.१५

सक्शनसाठी सर्किट सोडू नका, क्लोज्ड सक्शनच वापरा. पीप सुटला की काही सेकंदांत फुप्फुस मिटतं आणि परत उघडायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

पीक प्रेशरचा (श्वास भरतानाच्या सर्वांत जास्त दाबाचा) अलार्म वाजला तर आधी प्लॅटो घ्या. पीक वाढलं आणि प्लॅटो तसाच, तर अडथळा नळीत: कफ, दुमडलेली ट्यूब, दातांखाली चावलेली ट्यूब. दोन्ही वाढले आणि एका बाजूला हवा ऐकू येत नाही, रक्तदाब पडतोय, तर न्यूमोथोरॅक्सच (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) समजून धावा.

बेलापूरकर, १३ जुलै, रात्री ८.३०

रुग्ण हलवताना हे सगळं पाण्यात जातं, म्हणून लिहितो. पनवेलहून किंवा वाशीहून ठाण्याला आणायचा रुग्ण रस्त्यात तास-दीड तास अडकू शकतो, घोडबंदरकडे जायचं असेल तर त्याहून जास्त.

बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर. मिनिटाला ९-१० लिटरचं व्हेंटिलेशन, शंभर टक्के ऑक्सिजन, गळती धरून १२ लिटर, म्हणजे दोन तास. गॅसच्या दाबावर चालणारा ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर स्वतःसाठी आणखी खातो. अपेक्षित वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन घेऊनच निघा.

यंत्र बदलताना: ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर आधी टेस्ट लंगवर, तेच आकडे, तोच पीप. रुग्ण पूर्ण गाढ आणि शिथिल असावा. श्वास आत भरल्याच्या शेवटी ट्यूबवर गॉज गुंडाळून जाड क्लॅम्प लावा, जुनं यंत्र स्टँडबायला टाका, सर्किट बदला, नवं चालू करा, क्लॅम्प काढा. सगळं मिळून काही सेकंद. फ्लेक्सोमेटॅलिक ट्यूबला क्लॅम्प लावू नका, आतली तार दबली की ती परत सरळ होत नाही. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत हवीच, पण तिला पीप व्हॉल्व्ह बसवलेला हवा.

येऊर_पायथा, १४ जुलै, सकाळी ७.१०

शेवटची शंका. रुग्ण थोडा सुधारला, प्रेशर सपोर्ट (श्वास रुग्ण घेतो, यंत्र दाबाने मदत करतं) १० आणि पीप ८ वर टाकला. स्क्रीनवर दाब फक्त १८, टायडल व्हॉल्यूम मात्र ५५०. दाब कमी आहे म्हणून निर्धास्त राहायचं का?

पारसिक, १४ जुलै, सकाळी ९.३०

अजिबात नाही. रुग्ण स्वतः ओढतोय. यंत्र १० ने ढकलतंय आणि त्याच वेळी डायाफ्राम प्ल्यूरल दाब १५ ने खाली नेत असेल तर फुप्फुस २५ ने ताणलं जातंय. तो १५ स्क्रीनवर येत नाही. ५५० मिली म्हणजे तुमच्या उदाहरणात ९ मिली प्रति किलो, हीच सूचना समजा.

बेडजवळची मोजणी: श्वास सुरू व्हायच्या आधी एक्स्पिरेटरी होल्ड दाबा आणि एकाच श्वासात दाब किती खाली गेला ते पाहा. समजा पीपपासून २४ खाली. त्याचे दोन तृतीयांश १६. त्यात सपोर्टचे १० मिळवले की २६. ही बेरीज १७ ओलांडली की फुप्फुसावर ताण जास्त आहे. पी ०.१ (श्वासाच्या पहिल्या ०.१ सेकंदातली ओढ) दाखवणारं यंत्र असेल तर ४ च्या वरचा आकडा तेच सांगतो.

मग आधी कारणं शोधा: ताप, वेदना, अॅसिडोसिस, भरलेलं मूत्राशय, एचएमईची डेड स्पेस. तरीही ओढ कमी होत नसेल तर सिडेशन वाढवून कंट्रोल मोडवर परत, गरज पडली तर शिथिल करा. कंट्रोलवर असताना डबल ट्रिगर होतोय का तेही बघा. एकावर एक दोन श्वास चढले की ३७० चे ७४० होतात, म्हणजे १२ मिली प्रति किलो. ट्रिगर कमी संवेदनशील करून हे सुटत नाही, इन्स्पिरेटरी टाइम थोडा वाढवावा लागतो.

आणि पहिल्या रुग्णाचं प्रोनिंग अजून बाकी असेल तर ते आजच करा. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत ४६६ रुग्ण होते, सलग किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, उताण्या गटात ३२.८. पाठीकडे फुप्फुसाचा मोठा वाटा असतो, पालथं केल्यावर हृदयाचा आणि पोटाचा भार तिथून उतरतो आणि हवा जास्त समान वाटली जाते. पाच माणसं, त्यातला एक फक्त ट्यूब धरायला. वळवल्यावर छातीची भिंत आखडते, प्लॅटो एक-दोनने चढला तर घाबरू नका. पीप तोच ठेवून अर्ध्या तासाने ड्रायव्हिंग प्रेशर पुन्हा मोजा.

खाडीपूल, १४ जुलै, सकाळी ९.५०

वळवण्याच्या तासभर आधी फीड बंद करून राइल्स ट्यूब ओढून घ्या, डोळ्यांना मलम लावून पापण्या टेप करा, ट्यूबचं ओठापाशीचं माप लिहून ठेवा. पालथं झाल्यावर पहिलं तेच माप तपासायचं, मग बाकीचं. आर्ट लाइन (धमनीतली) आणि सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेतली) नळ्या डोक्याकडून न्या, कमरेखालच्या पायाकडून.